धुक्यातला पिवळा दिवा आला कुठून?

श्रावणात ठाण्याहून कल्याण-मुरबाडमार्गे माळशेजला निघालं, की टोकावड्यापर्यंत नुसता पाऊस असतो. घाट लागला की ढग थेट रस्त्यावर उतरतात. पुढच्या एसटीचे लाल दिवे दिसेनासे होतात आणि गाडीतलं कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, अप्पर टाक." अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांब आणि वर जाणारा झोत, टाकला की समोर पांढरी भिंतच उभी राहते.

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. हेडलाइटचा वर जाणारा झोत या थेंबांवर आदळून चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. दिवा जितका जोरदार, तितकी ती भिंत दाट. म्हणून फॉग लॅम्प, म्हणजे धुक्यासाठीचा वेगळा दिवा, जोरदार नसतो. तो बंपरमध्ये, डोळ्यांपासून शक्य तितका खाली बसवतात. त्याचा झोत आडवा पसरतो आणि वरच्या कडेला सुरीने कापल्यासारखा संपतो. लांबचं त्यात दिसतच नाही. जवळचा डांबराचा पट्टा, कडेची पांढरी रेघ आणि घाटाचा कठडा मात्र दिसतो.

सुरुवातीच्या मोटारींना अॅसिटिलीनचे दिवे असत, म्हणजे जत्रेतल्या कार्बाइडच्या बत्तीचेच भाऊबंद. कॅडिलॅकने १९१२ मध्ये विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर एकत्र दिला. पुढे दिवे प्रखर होत गेले, तसा समोरच्याचे डोळे दिपण्याचा आणि धुक्यात स्वतःलाच न दिसण्याचा त्रासही वाढला. १९३८ च्या कॅडिलॅक गाड्यांवर फॉग लॅम्प मिळू लागले. १९६२ मध्ये युरोपात मोटारींसाठी हॅलोजन बल्ब आला आणि छोट्या दिव्यातूनही पुरेसा प्रकाश मिळू लागला.

पिवळ्या रंगाची गोष्ट याच काळातली आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आजही ट्रकच्या दिव्यांवर पिवळा कागद चिकटवलेला दिसतो. पुढे लॉर्ड रॅले म्हणून ओळखले गेलेले जॉन विल्यम स्ट्रट यांनी १८७१ मध्ये आकाश निळं का दिसतं ते मांडलं: हवेतले अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. यावरून पुष्कळांनी ताडलं, की निळा गाळून टाकला तर उरलेला पिवळा धुकं भेदेल. पण हा नियम प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान कणांचा. धुक्याचा थेंब बहुधा काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काही दहा मायक्रॉनपर्यंतचा, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी एक मायक्रॉनही नाही. एवढ्या मोठ्या थेंबांचं गणित जर्मनीच्या गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये मांडलं. असे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा दिवा काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, तेवढा फायदा खरा. फ्रान्सने १९३० च्या दशकाच्या अखेरीस हेडलाइट पिवळे असण्याची सक्ती केली आणि ती १९९३ पर्यंत टिकली. तेव्हा आपल्याकडचा तो पिवळा कागद उगाच आलेला नाही, पण धुकं कापण्याचं काम रंग करत नाही. ते दिव्याची उंची आणि झोताचा आकार करतात.

मोटारींच्या आधी धुक्यात रेल्वेने कानांवर भरवसा ठेवला होता. एडवर्ड आल्फ्रेड काउपर यांनी १८४१ मध्ये रुळावर ठेवायचा फटाका तयार केला. चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि चालकाला सिग्नल जवळ आल्याचं कळतं. भारतीय रेल्वेतही हे फटाके वापरतात.

मागच्या फॉग लॅम्पचा इतिहास वेगळा आहे. तो आपल्याला दिसावं म्हणून नसतो, मागच्याला आपण दिसावं म्हणून असतो. युरोपीय नियमांत साध्या टेल लॅम्पची तीव्रता साधारण ४ ते १२ कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) धरलेली, तर मागच्या फॉग लॅम्पची १५० ते ३००. म्हणूनच जर्मनीत दृश्यमानता ५० मीटरच्या खाली गेल्याशिवाय तो लावता येत नाही. आपलं हवामान खातंही ५० मीटरच्या खालच्या धुक्याला अतिदाट म्हणतं. नवी मुंबईच्या पामबीच रोडवर नुसत्या पावसात कोणी तो लावला, तर मागच्याला त्याचा ब्रेक लागला आहे की नाही हेच कळत नाही. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची घाटातली सवयही तशीच घातक. गाडी कुठे वळणार, हे मागच्याला मग समजतच नाही.

भारतात पुढचे फॉग लॅम्प कारला सक्तीचे नाहीत आणि अनेक गाड्यांच्या स्वस्त मॉडेलांत ते येत नाहीत. कंपनीने गाळायला नको होती अशी ही वस्तू, निदान कसारा आणि माळशेज चढणाऱ्यांसाठी. ज्यांच्या गाडीत आहेत त्यांनी डॅशबोर्डवरची दोन चिन्हं नीट पाहून ठेवावीत. हिरव्या चिन्हात दिव्यातून निघणाऱ्या रेघा खाली झुकलेल्या असतात, तो पुढचा. पिवळसर चिन्हात त्या सरळ आडव्या असतात, तो मागचा. दोन्हींत रेघांना छेदणारी नागमोडी रेघ असते, ते धुकं.