सिस्टिम.आयओ.पाइप्स

सिस्टिम.आयओ.पाइप्स ही डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्मची प्रमाण लायब्ररी. एकाच मशिनवरच्या दोन प्रोसेसनी (चालू प्रोग्रॅमनी) नेम्ड पाइपमधून, म्हणजे नाव दिलेल्या संवादवाहिनीतून, एकमेकांशी बोलावे, हा तिचा मुख्य उपयोग. मायक्रोसॉफ्टने ती २००७ साली डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ बरोबर आणली.

सर्व्हर नेम्डपाइपसर्व्हरस्ट्रीम तयार करून वेटफॉरकनेक्शनवर क्लायंटची वाट पाहत थांबतो. क्लायंट सर्व्हरच्या नावाच्या जागी नुसता टिंब (म्हणजे हेच मशिन) आणि पुढे पाइपचे नाव देऊन कनेक्ट करतो. कनेक्टला मुदत द्यावीच, उदाहरणार्थ ५,००० मिलिसेकंद. नाहीतर सर्व्हर बंद असताना क्लायंट वाट पाहत बसतो. इन्स्टन्सची, म्हणजे त्या नावाच्या एकावेळच्या जोडण्यांची, कमाल संख्या न सांगितल्यास ती १ असते, म्हणून दुसरा क्लायंट ताटकळतो. क्लायंट गेल्यावर तोच इन्स्टन्स पुन्हा वापरायचा तर आधी डिस्कनेक्ट करावे लागते.

बाइट मोडमध्ये, म्हणजे डेटा बाइटचा सलग प्रवाह म्हणून जातो तेव्हा, संदेशाच्या सीमा राखल्या जात नाहीत. एकदा लिहिलेले दोन रीडमध्ये येऊ शकते, दोनदा लिहिलेले एकात. म्हणून प्रत्येक संदेशाआधी ४ बाइटमध्ये त्याची लांबी पाठवून तितके बाइट पुरे होईपर्यंत वाचावे. डॉटनेट ७ पासून यासाठी रीडएक्झॅक्टली आहे. सीमा राखणारा मेसेज मोड फक्त विंडोजवर चालतो आणि त्यात क्लायंटचा रीडमोडही वेगळा बदलावा लागतो. लांबी पाठवण्याची पद्धत विंडोजवर आणि इतरत्रही चालते, तीच बरी.

सर्वांत छळणारी अडचण दुहेरी, म्हणजे दोन्ही दिशांनी चालणाऱ्या, पाइपची. पाइपऑप्शन्स.असिंक्रोनस न देता उघडलेल्या पाइपच्या हँडलवर विंडोज एका वेळी एकच काम करते. एक थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा धागा) रीडमध्ये अडकला की दुसऱ्याचा राइटही अडकतो. दोन्ही बाजू अशाच असतील तर दोघेही कायमचे थांबतात. एक्सेप्शन येत नाही, सीपीयू शांत असतो, आणि दोष समोरच्या प्रोसेसचा वाटतो. म्हणून असिंक्रोनसचा पर्याय दोन्ही टोकांना द्यावा. मजकूर लिहायला स्ट्रीमरायटर वापरत असाल तर ऑटोफ्लशही चालू ठेवावे, नाहीतर ओळ बफरमध्येच राहते.

लिनक्स आणि मॅकवर ही लायब्ररी एमकेफिफो या युनिक्स आदेशाने बनणारा पाइप वापरत नाही. टेम्प फोल्डरात ‘कोअरएफएक्सपाइप_’ने सुरू होणाऱ्या नावाचे युनिक्स डोमेन सॉकेट (एकाच मशिनवरच्या प्रोसेसना जोडणारे सॉकेट) बनवते. त्यामुळे शेलमधून त्या फाइलवर इको केल्यास काही पोहोचत नाही. दोन प्रोसेसचे टीएमपीडीआयआर (टेम्प फोल्डर ठरवणारे व्हेरिएबल) वेगळे असेल, किंवा सिस्टिमडी या लिनक्सच्या सर्व्हिस-व्यवस्थापकाने सर्व्हिसला खाजगी टेम्प दिले असेल, तर नाव सारखे असूनही गाठ पडत नाही. अशा वेळी दोघांनाही दिसणाऱ्या फोल्डरातला पूर्ण पाथ नाव म्हणून द्यावा. तो आखूड हवा: लिनक्सवर सॉकेटच्या पाथसाठी शेवटच्या शून्य बाइटसह १०८ बाइटच जागा असते.