उजेड पाडण्याचा कायदा

बावधनला आमच्या सोसायटीच्या गेटवर गेल्या दिवाळीत नवा फ्लडलाइट बसला. त्याचं तोंड गेटकडे कमी आणि समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्याकडे जास्त. तिथल्या आजींनी खिडकीला आधी पडदा लावला, मग पडद्यावर जुनी चादर. तक्रार कोणत्या नियमाखाली करायची हे शोधत बसलो, तेव्हा कळलं की नियमच नाही.

1986 च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ. प्रकाश तिन्हींत बसत नाही. आवाजही बसत नव्हता, पण 1987 मध्ये हवा प्रदूषण कायद्यात दुरुस्ती करून त्याला आत घेतलं आणि 2000 साली त्याची स्वतंत्र नियमावली आली. म्हणून रात्री दहानंतर स्पीकर बंद करायला सांगता येतं. फ्लडलाइटवाल्याला मात्र सार्वजनिक उपद्रवाच्या मोघम कलमाचा धाक दाखवायचा, एवढंच. महापालिकांचा 1949 चा कायदा तर दुसऱ्याच टोकाला: रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे पालिकेचं बंधनकारक काम. आपल्याकडे उजेड हे कायम कर्तव्यच राहिलं.

त्यात वावगं काही नाही. 1997, 2017 आणि 2021 मध्ये गावं टप्प्याटप्प्याने पुणे महापालिकेच्या हद्दीत आली आणि प्रत्येक ठिकाणी मागणी तीच: पाणी, रस्ता, दिवे. रात्रीच्या शिफ्टवरून परतणाऱ्या मुलीला अंधाऱ्या गल्लीचं कौतुक सांगायला मी जाणार नाही. गडबड झाली ती दिव्यांची जात बदलली तेव्हा. 2015 मध्ये केंद्राची पथदिवे योजना आली आणि देशभर पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी बसू लागले. विजेची बचत झाली. पण पांढऱ्या एलईडीत निळा अंश जास्त आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते याच कारणाने. वर निसटलेला थोडा झोतही मग आकाशभर पसरतो.

पुण्याला आकाशाचं वेड नवं नाही. हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासूनची. आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था गणेशखिंडीत, पण तिची दोन मीटरची दुर्बीण 2006 मध्ये उभी राहिली ती शहराच्या उजेडापासून सुमारे 80 किलोमीटर दूर, गिरवलीच्या डोंगरावर. अमेरिकेत फ्लॅगस्टाफ गावाने 1958 मध्येच, शेजारच्या वेधशाळेसाठी, जाहिरातींच्या सर्चलाइटवर बंदी घातली होती. इथे 2024 च्या गणेशोत्सवात पोलिसांनी लेझर झोत बंद केले, तेही लोकांच्या डोळ्यांसाठी. आकाशाचा त्यात संबंध नव्हता.

महाराष्ट्रात अंधाराची नोंद पहिल्यांदा झाली ती विदर्भात. 2024 च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखणारं क्षेत्र, ठरलं. त्यासाठी जंगलाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या चार गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली गेली. त्यातल्या एका गावाचं नाव वाघोली. आपली पुण्याची वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली; तिथे तारा शोधायला आता दुर्बीणही पुरत नाही म्हणावं, तर तारा नक्की कुठे उगवतो हे विचारणारंही पोर भेटत नाही.

आमच्या फ्लडलाइटचं तोंड गेल्या आठवड्यात वॉचमनकाकांनी शिडी लावून खाली वळवलं. पाच मिनिटांचं काम. आजींची चादर मात्र अजून तशीच आहे.