पार्श्वभूमी : शहर कसं निवडलं गेलं?

हिरोशिमाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो. बॉम्ब टाकला नसता तर जपानवर चढाई करावी लागली असती, लाखो सैनिक मेले असते, मग बॉम्ब बरा की चढाई? मला हा प्रश्नच चुकीचा मांडलाय असं वाटतं, कारण १९४५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये हे दोन पर्याय समोर ठेवून कुणी एकाची निवड केली असं कागदपत्रांत दिसत नाही. बॉम्ब तयार झाला की वापरायचा हे जवळजवळ धरूनच चाललेले होते. खरा खल झाला तो कुठे टाकायचा यावर, आणि नैतिक म्हणावा असा निर्णय तिथे, मे महिन्यातच होऊन गेला.

त्याआधीचं थोडक्यात. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं त्याच दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी लढणाऱ्या देशांना आवाहन केलं होतं की विमानातून नागरी वस्तीवर बॉम्ब टाकू नका, आणि ते तेव्हा मान्यही झालं होतं. पुढे मार्च १९४० मध्ये बर्मिंगहॅमला, जर्मन राजवटीमुळे मायदेश सुटलेल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी अणुबॉम्ब बनू शकतो हे हिशेबानिशी दाखवणारं टिपण लिहिलं, आणि त्याच टिपणात हेही लिहिलं की वाऱ्याबरोबर किरणोत्सर्ग पसरेल, मोठ्या संख्येने नागरिक मारल्याशिवाय हे शस्त्र वापरताच येणार नाही, त्यामुळे ते ब्रिटनने वापरण्याजोगं नसेलही. म्हणजे हा आक्षेप नंतर शांतपणे बसून सुचलेला नाही, तो पहिल्या टिपणातच आहे. तरी बनवायचा का, तर जर्मनी आधी बनवेल म्हणून. पण नोव्हेंबर १९४४ मध्ये स्ट्रासबर्गला हाती लागलेल्या कागदांवरून जर्मनी बॉम्बच्या जवळपासही नाही हे कळलं आणि त्याच सुमारास एका शास्त्रज्ञाने, आता कारणच उरलं नाही म्हणून लॉस अलामॉस, म्हणजे अमेरिकेत बॉम्ब बनत होता ती प्रयोगशाळा, सोडलं. एकट्याने. बाकी सगळे तिथेच राहिले आणि कामाचा वेग उलट वाढला, एव्हाना प्रकल्पाचा खर्च २ अब्ज डॉलरच्या दिशेने चालला होता आणि इतका पैसा ओतून वापरलं काहीच नाही असं कुणाला सांगणार ही काळजी वरच्या लोकांना होती. शिवाय ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर आगबॉम्ब टाकून एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं मारून झाली होती, त्यामुळे शहर जाळणं ही गोष्ट त्या बैठकांमध्ये कुणाला धक्कादायक वाटण्याचे दिवस गेले होते.

आता मे महिना. लक्ष्य निवडणाऱ्या समितीच्या बैठका २७ एप्रिल, १०-११ मे आणि २८ मे अशा झाल्या, जर्मनी ८ मे ला शरण आलेली होती. निकष असे की ३ मैलांपेक्षा मोठी शहरी वस्ती हवी, स्फोटाच्या दाबाने नुकसान नीट व्हायला हवं, आणि ऑगस्टपर्यंत त्या शहरावर दुसरा हल्ला झालेला नसावा. हा तिसरा निकष मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण महत्त्वाच्या कारखान्यांची शहरं आधीच जळून गेली होती, आणि जी शहरं राखून ठेवली गेली ती बॉम्बचा परिणाम स्वच्छ दिसावा म्हणून. हिरोशिमाबद्दल बैठकीच्या टिपणात नोंद आहे की बाजूच्या डोंगरांमुळे स्फोटाचा जोर एकवटेल आणि नुकसान बरंच वाढेल. क्योटोबद्दल आहे की ते बुद्धिवंतांचं शहर, तिथल्या लोकांना या शस्त्राचा अर्थ जास्त कळेल. आणि २८ मे च्या बैठकीत ठरलं की कारखान्यांवर नेम धरायच्या भानगडीत पडायचं नाही, ते शहरांच्या कडेला विखुरलेत, पहिला बॉम्ब निवडलेल्या शहराच्या मध्यभागी टाकायचा.

तीन दिवसांनी, ३१ मे ला, दुसऱ्या आणि वरच्या समितीने ठरवलं की पूर्वसूचना द्यायची नाही, नागरी वस्तीवर भर द्यायचा नाही, पण शक्य तितक्या जास्त रहिवाशांच्या मनावर खोल परिणाम झाला पाहिजे, आणि त्यासाठी सगळ्यात योग्य लक्ष्य म्हणजे भरपूर कामगार असलेला, चारी बाजूंनी कामगारांच्या घरांनी वेढलेला युद्धकारखाना. हे वाक्य नीट वाचायला हवं. वस्ती लक्ष्य नाही म्हणायचं आणि कारखाना मात्र वस्तीतलाच निवडायचा. निर्जन ठिकाणी प्रात्यक्षिक दाखवावं का, यावर त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर थोडीशी चर्चा झाली आणि विषय संपला.

११ जूनला शिकागोच्या शास्त्रज्ञांनी लेखी कळवलं की आधी वाळवंटात किंवा ओसाड बेटावर जगासमोर प्रात्यक्षिक करा, नाहीतर युद्धानंतर शस्त्रस्पर्धा अटळ आहे. १६ जूनला चार ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या मंडळाने उत्तर दिलं, युद्ध संपवू शकेल असं कुठलंही प्रात्यक्षिक आम्ही सुचवू शकत नाही. नौदलाच्या उपमंत्र्याने महिनाअखेरीस वेगळं मत नोंदवलं की निदान दोन-तीन दिवस आधी इशारा द्या. १७ जुलैला सुमारे ७० शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज निघाला, तो राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोचलाच नाही.

क्योटो यादीतून निघालं ते एकट्या युद्धमंत्र्यांच्या हट्टामुळे, त्यांनी ते शहर पाहिलं होतं. त्या जागी जुलैच्या शेवटी नागासाकी आलं. २५ जुलैच्या आदेशात चार नावं आहेत, हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी, आणि पुढे लिहिलंय की यापुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत. म्हणजे दुसऱ्या बॉम्बचा वेगळा निर्णय असा कुणी घेतलाच नाही. ९ ऑगस्टला विमान कोकुरावर गेलं, खाली धूर आणि ढग, नेम दिसेना, म्हणून नागासाकी, आणि बॉम्ब ठरल्या जागी न पडता उराकामीच्या खोऱ्यावर फुटला. त्याच २५ जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या डायरीत नोंद आहे की लक्ष्य लष्करी ठिकाणं असतील, बायका-मुलं नाहीत. हिरोशिमात सैन्याचं मोठं मुख्यालय होतं हे खरंच, पण नेम धरला होता तो गावाच्या मधोमध असलेल्या टी आकाराच्या पुलावर. १० ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांनी, आता माझ्या परवानगीशिवाय बॉम्ब नाही, असं सांगितलं आणि आणखी लाखभर माणसं मारायची कल्पना सहन होत नाही असं मंत्र्यांना म्हणाले. हा लगाम चार दिवस आधी, हिरोशिमाच्या वेळी का नव्हता? मला याचं समर्थन कुठे सापडत नाही.

दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. चीनमध्ये, आग्नेय आशियात जपानी ताब्याखाली माणसं रोज मरत होती, आणि टोकियोतलं सर्वोच्च युद्धमंडळ ९ ऑगस्टला नागासाकीची बातमी येऊनसुद्धा तीन विरुद्ध तीन असंच अडकलं होतं. पण त्याच दिवशी रशियाही जपानच्या ताब्यातल्या मंचुरियात (ईशान्य चीन) घुसला होता, त्यामुळे शरणागती कशामुळे आली हे बॉम्बच्या खात्यावर सगळंच्या सगळं टाकता येत नाही. आणि चढाई ठरली होती १ नोव्हेंबरला, तोवर जवळजवळ तीन महिने हातात होते.

मग "बॉम्ब की दहा लाख" ही मांडणी आली कुठून? फेब्रुवारी १९४७ मध्ये माजी युद्धमंत्र्यांच्या नावाने एका मासिकात लेख आला, त्यात फक्त अमेरिकी बाजूच्या दहा लाखांहून जास्त हानीचा आकडा होता, तोही मृत आणि जखमी मिळून. लोकांच्या तोंडी तो दहा लाख मृत्यू असा झाला. १८ जून १९४५ च्या बैठकीत सेनाप्रमुखांनी मात्र चढाई जिथून सुरू व्हायची त्या क्यूशू बेटावरच्या पहिल्या ३० दिवसांसाठी फिलिपिन्समधल्या लुझॉनच्या लढाईइतक्याच, म्हणजे मृत, जखमी, बेपत्ता मिळून साधारण ३१ हजारांच्या हानीचा अंदाज दिला होता.

कायद्याच्या बाजूने हालचाल फार हळू. जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यातल्या भारतीय न्यायाधीशाने १९४८ च्या आपल्या वेगळ्या निकालपत्रात बॉम्बचा मुद्दा काढला, तो तेवढ्यावरच राहिला. ७ डिसेंबर १९६३ ला टोकियोच्या कोर्टाने दोन्ही हल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरवले, भरपाई मात्र नाकारली, आणि या खटल्यात जपान सरकारच हल्ले बेकायदा नव्हते असं मांडत होतं, जरी १० ऑगस्ट १९४५ ला त्यांनीच स्वित्झर्लंडमार्फत निषेध नोंदवला होता. ८ जुलै १९९६ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सात विरुद्ध सात आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने म्हटलं की अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे कायद्याविरुद्ध, पण देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न आला तर नक्की सांगता येत नाही. तिथे भारताने वापर बेकायदाच आहे असं लेखी कळवलं होतं, आणि दोनच वर्षांत पोखरण झालं. २०१७ च्या अण्वस्त्रबंदी करारावर अण्वस्त्रधारी एकाही देशाची सही नाही, जपानचीही नाही. २०१३ च्या अमेरिकी अण्वस्त्र धोरणात नागरिकांना मुद्दाम लक्ष्य करणार नाही असं लिहिलंय. शहराच्या आत असलेल्या मुख्यालयाच्या बाबतीत ते कसं पाळणार, हे त्यात लिहिलेलं नाही.