आहारज्ञान, डॉक्टर व परिचारिकांचे

रुग्ण काय आणि किती खातो हे ओळखून, रोग टाळण्यासाठी त्याला पेलेल असा बदल सुचवण्याचे कौशल्य. एमबीबीएसमध्ये हा विषय जीवरसायनशास्त्र आणि पीएसएममध्ये (सामाजिक व प्रतिबंधक वैद्यक) विखुरलेला असतो, बी.एस्सी. नर्सिंगला तो पहिल्याच वर्षी स्वतंत्रपणे शिकवतात. स्कर्व्ही, बेरीबेरी सर्वांना पाठ असतात. अडते ते ग्रॅमचे वाटी-चमच्यात रूपांतर करताना.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत विदर्भाबरोबर मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. तिथल्या गर्दीत ‘तेल कमी करा’ एवढेच सांगून भागवले, तर घरी काहीच बदलत नाही. त्यापेक्षा घरात माणसे किती आणि महिन्याला तेल किती लागते, हे विचारावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० किलोकॅलरीच्या आहारासाठी माणशी रोज तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. चौघांना महिन्याला साधारण साडेतीन लिटर. बाहेरची तर्री आणि सावजी रस्सा यांतले तेल याच हिशेबात धरायचे. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी हवे, म्हणजे किलोचा पुडा चौघांना किमान ५० दिवस पुरावा. पापड-लोणच्यातले मीठ त्याशिवाय पोटात जाते.

बीपी मोजताना परिचारिकेने मागच्या २४ तासांचे खाणे उठल्यापासून क्रमाने विचारावे आणि वाटी दाखवून माप घ्यावे. चहातली साखर हमखास सुटते. आदला दिवस उपवासाचा किंवा लग्नाच्या पंगतीचा असेल, तर ती नोंद फसवी ठरते. रुग्ण पुरुष असला तरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला समोर बसवावे, कारण तेलाची धार तिच्या हातात असते.

गरोदरपणात रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची गोळी किमान १८० दिवस देतात. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली, तर लोह नीट शोषले जात नाही. लिंबाने फायदा होतो. विदर्भात मात्र हिमोग्लोबिन कमी दिसले की सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक रक्तविकार) तपासणी झालीच पाहिजे. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या रुग्णात लोह साठते. त्याला कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोह देणे घातक ठरू शकते. अशा रुग्णाला नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले, तर वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून पाण्याचे माप तांब्यांत सांगावे.

संत्र्याबाबतही तारतम्य हवे. मधुमेह्याने रस न पिता अख्खे फळ खावे. मूत्रपिंडाचा आजार बळावून रक्तातले पोटॅशियम वाढले असेल, तर तेही मोजूनच, डॉक्टरांना विचारून.