अधीन असणं वेगळं आणि हुकूम पाळणं वेगळं

"पास्टरांनी नोकरी बदलू नको म्हटलंय, मग मी बदलली तर मी अधीनतेत नाही असं होतं का?" एका मुलीनं बायबल स्टडी संपल्यावर सगळे बाहेर गेलेत हे बघून मला हे विचारलं होतं. असाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मी इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते. कुणाला लग्नाबद्दल सांगितलेलं असतं, कुणाला शहर सोडण्याबद्दल, कुणाला दुसऱ्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, प्रार्थनेला गेल्याबद्दल, आणि शेवटी गाडी त्याच एका वचनावर येऊन थांबते, पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं सांगणारं इब्री १३:१७.

आणि याच्या बरोबर उलट घोळ करणारे लोकही आहेत, त्यांना फक्त मार्क १० पाठ असतो, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं असं येशू म्हणतो तो अध्याय. पास्टर सेवक आहे ना, मग त्यानं आमचं ऐकलं पाहिजे, आम्ही कशाला त्याचं ऐकायचं. म्हणजे पुढारी वाचतात ते लोकांसाठीचं वचन आणि लोक वाचतात ते पुढाऱ्यांसाठीचं, आणि दोघंही समोरच्याच्या पत्रातली ओळ त्याच्याच तोंडावर मारतात. मला दोन्ही बाजूंचा सारखाच त्रास होतो हे आधीच सांगते.

सेवक-नेतृत्वाबद्दल फार लिहीत नाही कारण त्यावरचे संदेश सगळ्यांनी भरपूर ऐकलेत. याकोब आणि योहान येशूच्या उजवीकडे-डावीकडे बसायला मागतात, बाकीचे दहा चिडतात, आणि येशू म्हणतो की परराष्ट्रीयांचे सत्ताधीश त्यांच्यावर धनीपण करतात, तुमच्यात तसं नको. योहान १३ मध्ये तो शिष्यांचे पाय धुतो. सर्व्हंट लीडरशिप हा शब्द मात्र बायबलमधला नाही, तो रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० मध्ये एका निबंधातून रूढ केला, तो कित्येक वर्षं एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत होता. शब्द वाईट नाही, पण मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमधून तो परत मंडळीत आला की त्याच्यासोबत टीम आणि रिझल्टची भाषाही येते, आणि मार्क १० मधला सेवक टीमचा परफॉर्मन्स वाढवायला सेवक झालेला नाही, तो पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून, म्हणजे त्यांच्या सुटकेची किंमत म्हणून, द्यायला आलाय.

एक गोष्ट मात्र पाय धुण्याच्या संदेशात नेहमी राहून जाते. पेत्र म्हणतो माझे पाय धुऊ नकोस, येशू ऐकत नाही. मग पेत्र म्हणतो नुसते पायच नको, हात आणि डोकंही धू, येशू तेही ऐकत नाही. आणि पाय धुऊन पुन्हा बसल्यावर सांगतो की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, मी तो आहेच. म्हणजे सेवक असणं आणि सगळ्यांच्या ऑर्डरी घेणं या दोन गोष्टी तिथंच वेगळ्या होतात. 'सेवक आहेस ना, मग ऐक' म्हणणाऱ्यांनी हा अध्याय पूर्ण वाचावा. आणि वर्षातून एकदा पाय धुण्याचा कार्यक्रम ठेवून वर्षभर मंडळीच्या पैशांचा हिशोब कुणालाच न दाखवणाऱ्यांनी २ करिंथ ८ वाचावा, तिथं पौल वर्गणी पोचवताना मुद्दाम दुसऱ्या भावांना सोबत घेतो, कुणी आपल्यावर दोष ठेवू नये म्हणून.

आता मुख्य गोष्ट. लोक अडखळतात ते इथं, की अधीन असणं आणि हुकूम पाळणं एकच धरलं जातं. आपल्या मराठी बायबलमध्ये इब्री १३:१७ ला 'आज्ञेत राहा' असं येतं आणि ते ऐकलं की डोक्यात लगेच शाळेचे हेडमास्तर नाहीतर पोलिसातला साहेब उभा राहतो. मूळ ग्रीकमध्ये तिथं दोन क्रियापदं आहेत. पहिलं पेइथो या धातूचं रूप आहे, ज्याचा मुळातला अर्थ पटवणं, आणि या रूपात पटणं, पटून ऐकणं. दुसरं हुपेइको, म्हणजे वाट देणं, आपला हट्ट सोडून नमतं घेणं, हे अख्ख्या नव्या करारात या एकाच ठिकाणी आलंय. मुलांनी आईबापाच्या आज्ञेत राहावं असं इफिस ६:१ म्हणतं तिथला शब्द वेगळाच आहे, हुपाकुओ, तो इथं नाही. आणि पुढच्याच ओळीत, १३:१८ ला, लेखक पेइथोच वापरून म्हणतो की आमचा विवेक चांगला आहे अशी आमची खात्री आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगते की पेइथोचं हेच रूप साध्या 'ऐकणं' या अर्थानंही येतं, याकोब ३:३ मध्ये घोड्यानं आपलं ऐकावं म्हणून त्याच्या तोंडात लगाम घालतात तिथं तोच शब्द आहे, आणि घोड्याला कुणी पटवून सांगत नाही. त्यामुळे फक्त ग्रीक शब्द दाखवून 'बघा, इथं आज्ञा पाळायचं म्हटलेलंच नाही' असं सांगणारे मलाही आवडत नाहीत. शब्द दिशा दाखवतो, बाकीचं त्याच अध्यायातून घ्यायचं. दहा ओळी वर, १३:७ ला, पुढाऱ्यांची ओळख काय दिलीय, तर ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं ते, आणि लगेच म्हटलंय की त्यांच्या वागण्याचा शेवट काय झाला ते बघा आणि मग त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा. म्हणजे आधी बघायला सांगितलंय. आणि हिशोब द्यायचाय तो कुणी, तर पुढाऱ्यांनी, तुमच्या जिवाचा. ज्याला हिशोब द्यायचाय त्याचं काम सोपं व्हावं, त्यानं कण्हत कण्हत ते करू नये, म्हणून त्याचं ऐका, असा तो सगळा सूर आहे.

माझ्या मते हा गुंता सगळ्यात स्वच्छ सुटतो तो १ करिंथच्या शेवटच्या अध्यायात, आणि त्यावर कुणी संदेश देत नाही कारण शेवटचे अध्याय म्हणजे नुसते सलाम आणि निरोप असं सगळ्यांना वाटतं. १६:१२ ला पौल म्हणतो की अपुल्लोसानं, म्हणजे त्याच्यासोबत सेवा करणाऱ्या दुसऱ्या एका शिक्षकानं, भावांबरोबर तुमच्याकडे यावं म्हणून मी त्याला फार विनंती केली, पण आत्ता यायची त्याची मुळीच इच्छा नव्हती, सवड मिळाली की येईल. बस, एवढंच. प्रेषित पौल विनंती करतो, पुन्हा पुन्हा करतो, समोरचा नाही म्हणतो, आणि पौल त्याला बंडखोर म्हणत नाही, त्याच्यासाठी उपवासही जाहीर करत नाही, पत्रात त्याचा निरोप सरळ कळवून टाकतो. आणि त्याच अध्यायात चार ओळी खाली, १६:१५-१६ ला, तोच पौल म्हणतो की स्तेफनाच्या घरच्यांनी पवित्र जनांच्या सेवेला स्वतःला वाहून घेतलंय, तर अशांच्या अधीन असा. म्हणजे नाही म्हणणारा अपुल्लोस आणि अधीन राहायची शिकवण, दोन्ही एकाच पानावर, पौलाला त्यात काहीही विसंगती दिसत नाही.

स्तेफनाचं उदाहरण मला आणखी एका गोष्टीसाठी आवडतं. त्याच्या अधीन असा असं का म्हटलंय, तर तो राबतोय म्हणून. पद काय होतं, अभिषेक कुणी केला, काहीच सांगितलेलं नाही. आधी सेवा, मग त्या सेवेकडे बघून लोक आपणहून त्याच्यामागे उभे राहतात. इथं शब्द हुपोतास्सो आहे, स्वतःला एखाद्याच्या हाताखाली लावून घेणं, आणि ते लावून घेणारा माणूस स्वतः असतो. 'लोकांना स्वतःच्या अधीन करा' असं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांना, सांगणारं एकही वचन मला नव्या करारात सापडलेलं नाही. शिकवायचा, बोध करायचा, दोष दाखवायचा अधिकार त्यांना आहे, तीत २:१५ ते स्पष्ट सांगतं. पण १ पेत्र ५:३ मध्ये पेत्र वडिलांना कळपावर धनीपण करू नका म्हणतो तेव्हा तो तेच क्रियापद वापरतो जे मार्क १०:४२ मध्ये परराष्ट्रीय सत्ताधीशांबद्दल येतं. आणि दोन ओळींनी तरुणांना वडिलांच्या अधीन राहा म्हणतो. दोन्ही वाक्यं एका श्वासात आहेत, पण एक वडिलांना आहे आणि एक तरुणांना, त्यांची अदलाबदल करायची नाही. वडिलांनी पाचवी ओळ फडकवायची नाही आणि तरुणांनी तिसरी.

अधीन असलेला माणूस बोलतो, हेही विसरलं जातं. लूक २ मध्ये बारा वर्षांचा येशू मरीयेला उलट विचारतो की तुम्ही माझा शोध का केला, मी माझ्या पित्याच्या घरात असायला हवं हे तुम्हाला माहीत नव्हतं का, आणि मग त्यांच्याबरोबर नासरेथला जातो आणि त्यांच्या अधीन राहतो. गलती २ मध्ये पौल अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर चूक दाखवतो. प्रश्न विचारला म्हणजे अधीनता मोडली हे कुठून आलं मला खरंच कळत नाही.

दोन वचनांबद्दल तर मला आता राग येतो. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५ मधलं वाक्य पास्टरला प्रश्न विचारणाऱ्याला ऐकवतात. त्याच्या आधीची ओळ वाचा, देव राजांना दटावतोय. अब्राहाम-इसहाक-याकोबाचं भटकं कुटुंब आहे आणि सत्ता हातात असलेल्या राजांना सांगितलंय की यांना हात लावू नका, म्हणजे ते वचन ताकदवानाला दिलेली तंबी आहे. दुसरं, बंडखोरी जादूटोण्याच्या पापासारखी आहे, १ शमुवेल १५. ते शमुवेल कुणाला म्हणतोय, शौलाला, म्हणजे राजाला, पुढाऱ्याला, ज्यानं देवाचं न ऐकता लोकांची मर्जी सांभाळली. मंडळीतल्या साध्या माणसाला ते ऐकवणं मला वचनाशी खेळणं वाटतं.

आणि कव्हरिंग. प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या वर कुणातरी माणसाचं छत्र हवं आणि त्याला विचारल्याशिवाय घर, नोकरी, लग्न काही ठरवायचं नाही, ही शिकवण फार जुनी नाही, १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथल्या पाच शिक्षकांच्या शेपर्डिंग चळवळीतून ती जगभर पसरली. त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी नंतर त्याबद्दल जाहीर माफी मागितली. माफीला इतकी वर्षं झाली तरी शिकवण मात्र अजून फिरतेय. लग्नाचं म्हणाल तर खुद्द पौल विधवेला काय सांगतो, १ करिंथ ७:३९, तिला पाहिजे त्याच्याशी करायला ती मोकळी आहे, फक्त प्रभूमध्ये. प्रेषितानं जे मोकळं सोडलं ते मंडळीच्या कमिटीनं बांधू नये.

पण मग अधीनता उरते तरी कुठं, असं कुणी म्हणेल. उरते, आणि चांगलीच बोचते. जे मला पटतं तेवढंच मी मानणार असेन तर त्याला अधीनता म्हणायचं कारणच नाही, तो माझाच निर्णय झाला. हुपेइको बोचतो तो इथं, की उपासनेची वेळ, कोण शिकवणार, पैसे कशावर आधी खर्च करायचे, माझी कुठल्या कामात गरज आहे, अशा मंडळीच्या सामाईक गोष्टींत मी माझं मत मांडलं, ते मानलं गेलं नाही, तरी मी नमतं घ्यायचं, आणि ग्रुपवर कुजबुज न करता मनापासून हातभार लावायचा. वडिलांनी वचनातून माझं पाप दाखवलं तर ऐकायचं, तिथं पळवाट नाही. दोष दाखवला की रागावून दुसरी मंडळी धरणारे आणि तिथंही तेच करणारे लोक मी पाहिलेत, त्यांनी स्वतःला अपुल्लोस समजू नये. उलट वडील पाप करायला सांगत असतील किंवा पाप झाकायला सांगत असतील तर प्रेषितांची कृत्ये ५:२९ आहे, माणसांपेक्षा देवाचं ऐका, आणि १ तीमथ्य ५:१९-२० आहे, दोन-तीन साक्षीदार असतील तर वडिलांवरचा आरोपही ऐकायचा आणि पाप केलेल्यांना सगळ्यांसमोर दोष दाखवायचा. कुणावर अत्याचार झाला असेल तर तो पोलिसांकडे जाण्याचा विषय आहे, त्यात अधीनतेचा शब्दही काढू नये. नोकरी, घर, लग्न यांत पास्टरचा सल्ला घ्यावा, गंभीरपणे घ्यावा, पण तो सल्ला.

बाकी वडील की पास्टर की बिशप, निवडून आलेले की नेमलेले, यावर लोक तासन्‌तास भांडतात, मला त्यात फार रस नाही. फक्त एक आग्रह आहे, एकटा माणूस नको. प्रेषितांची कृत्ये १४:२३ मध्ये प्रत्येक मंडळीत वडील नेमले ते अनेकवचनी आहेत, आणि एकट्याच्या हातात सगळं असलं की काय होतं ते ३ योहानमधल्या दियत्रफेसाकडे बघून कळतं, त्याला पहिला नंबर हवा होता आणि तो लोकांना मंडळीतून काढून टाकत होता.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं होतं की जा, त्यांच्याशी बस आणि का नको म्हणताय ते विचार. ती गेली. कारण निघालं ते असं की नव्या नोकरीत रविवारीही शिफ्ट असणार होती आणि ती मुलांचा वर्ग घ्यायची, तो वर्ग बंद पडेल ही त्यांना काळजी होती, पण हे त्यांनी तिला नीट सांगितलंच नव्हतं, नुसतं नको म्हणाले होते. काळजी खरी होती. घरी पैशांची अडचण होती हे तिनंही त्यांना सांगितलं नव्हतं. तिनं नोकरी घेतली, महिन्यातले दोन रविवार मागून घेतले, आणि उरलेल्या दोन रविवारी तिचा वर्ग स्वतः पास्टर घेतात.