शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक?

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: शेंबूड पिवळा-हिरवा झाला की ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू करा. समज पटण्यासारखा आहे. रंग डोळ्यांना दिसतोच की.

पण तो रंग जिवाणूंचा नसतो. संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये एक हिरवट एन्झाइम असतं. रात्रभर साचलेला शेंबूड म्हणूनच सकाळी गडद आणि दुपारी फिका दिसतो. बघा हवं तर. विषाणूंच्या साध्या सर्दीतही हेच होतं, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही.

मग गोळीने बरं कसं वाटतं? सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपणच ओसरते. गोळी सहसा मध्येच सुरू होते आणि श्रेय घेऊन जाते! तेवढ्यात पोटातले निरुपद्रवी जिवाणू मरतात, औषधाला दाद न देणारे मात्र तगून वाढतात.

घरातली स्ट्रिप उलटून बघा. उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय ती गोळी घ्यायची नाही, पेठेतला ओळखीचा मेडिकलवाला देत असला तरी. दहा दिवसांत सर्दी हटली नाही, उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा दम लागला, तर डॉक्टरांना दाखवा. तेव्हा अँटिबायोटिक लागूही शकतं.