देवीने गड सोडला तेव्हा

इसवी सन पूर्व 480 मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीझ याची फौज ग्रीसवर चालून आली, तेव्हा अथेन्सकरांना घरेदारे सोडून जहाजांत चढायला लावणे सोपे नव्हते. अक्रोपोलिस या बालेकिल्ल्यावरील मंदिरात एक मोठा सर्प राहतो व गडाची राखण करतो, अशी त्यांची श्रद्धा असल्याचे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. दर महिन्याला वाहिलेली मधाची पोळी नेहमी संपलेली आढळे. या वेळी मात्र ती तशीच राहिली. पुजारिणीने हे जाहीर करताच, अथेना देवीच गड सोडून गेली असे मानून लोक अधिक तत्परतेने निघाले. नंतरच्या काळातील चरित्रकार प्लूटार्कच्या मते ही अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीसची युक्ती होती. तसे असले, तरी ही युक्ती चालली याचेच मला अधिक महत्त्व वाटते, कारण देवता नगर सोडून जाऊ शकते हे लोकांना पटण्यासारखे होते.

ग्रीक नगरदेवतेचे रक्षण असे सशर्त असे. ट्रॉय नगराच्या युद्धावरील ‘इलियड’ या महाकाव्यात तिथल्या स्त्रिया अथेनेच्या गुडघ्यांवर सर्वोत्तम वस्त्र ठेवून नगरासाठी प्रार्थना करतात आणि देवी ती नाकारते. पॅलॅडिअन ही तिची मूर्ती नगरात असेपर्यंत ट्रॉय पडणार नाही, असे कथा सांगतात. म्हणूनच ओडिसियस आणि डायोमिडीस हे ग्रीक योद्धे ती चोरून नेतात.

अथेन्समधील ‘अथेना पोलिआस’, म्हणजे नगराची अथेना, हिची मूर्ती भव्य नव्हती. ती जुनी आणि ऑलिव्हच्या लाकडाची होती, आकाशातून पडली अशी तिची ख्याती होती, आणि पॅनाथेनाइआ उत्सवात तिला नवे विणलेले वस्त्र अर्पण होई. नगरासाठी अथेना व समुद्रदेव पोसायडन यांच्यात स्पर्धा झाली तेव्हा अथेनेने दिलेला ऑलिव्ह वृक्षही गडावरच होता.

इराण्यांनी गड जाळला, त्यात तो वृक्षही जळाला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या खुंटाला हातभर लांबीचा कोंब फुटलेला दिसला, असे हिरोडोटस नोंदवतो. परतलेल्या अथेन्सकरांनी, बांधकाम अर्धवट असतानाच उद्ध्वस्त झालेल्या मंदिराच्या स्तंभांचे संगमरवरी गोल तुकडे गडाच्या उत्तर तटबंदीत बसवले. खालच्या शहरातून वर पाहिले की ते आजही ओळीने दिसतात.